टँकरची सुट्टी

ताज्या दुधाला सांगण्यासारखा वास नसतो, असं मी डेअरीच्या डिप्लोम्याला शिकलो होतो आणि परीक्षेत तसं लिहून मार्कही मिळवले होते. न्हावऱ्याच्या डेअरीत केमिस्ट म्हणून लागलो तेव्हा बापूंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, पहिल्याच सकाळी मला खुटबावच्या संकलन केंद्रावर पाठवलं. "सरूअक्कांच्या शेजारी नुसतं उभं ऱ्हा," ते म्हणाले. एवढा शिकलेला माणूस नुसता उभा राहणार, हे मला जरा लागलंच होतं.

केंद्रावर बायाबापड्यांची रांग होती. प्रत्येकाच्या हातात किटली, कुणाच्या सायकलला कॅन. अक्का लाकडी बाकावर बसलेल्या. समोर भांडं आलं की तळव्यानं झाकण उडवायच्या, डोळे मिटायच्या, मान जराशी बाजूला करायच्या आणि एक श्वास घ्यायच्या. मग एकच शब्द. "वत." म्हणजे ओत. तो शब्द ऐकला की बाई सुटल्यासारखी मोठ्या कॅनमध्ये दूध रिकामं करायची. अक्कांच्या तोंडून दुधाची तारीफ कधी कुणी ऐकली नाही. चांगल्या दुधाला फक्त "वत" आणि वाईटाला मात्र सविस्तर भाषण.

त्या दिवशी शेवंता नावाच्या बाईच्या किटलीशी अक्का थांबल्या. "शेवंते, काल गायीला कांद्याची पात घातली."

"न्हाई वो अक्का!"

"मग तुझ्या नवऱ्यानं घातली. जा, इचारून ये."

मी माझी उपकरणं काढली. फॅट बघितलं, लॅक्टोमीटर बुडवून डिग्री बघितली, सगळं झकास. "अक्का, रिपोर्ट चांगला आहे," मी ऐटीत म्हणालो.

"रिपोर्ट चांगलाच हाय. पण उद्या गिऱ्हाइकाच्या चहाला कांद्याचा वास आला, तर त्याला रिपोर्ट पाजायचा का?"

रांग हसली. शेवंता घरी जाऊन आली आणि मान खाली घालून म्हणाली की पात नवऱ्यानंच घातली होती. मी उपकरणं पिशवीत टाकली आणि नुसता उभा राहिलो.

हे सगळं आठवायचं कारण असं, की गेल्या महिन्यात पुण्याच्या एका मॅनेजमेंट कॉलेजानं मला बोलावलं होतं. आमची डेअरी दुसऱ्याला टँकरनं दूध विकणारी होती, ती स्वतःचं दही, पनीर, तूप विकणारी कंपनी झाली, तो बदल कधी ठरवला आणि कसा केला, हा विषय. मी टाय लावून गेलो. वीस स्लाइड दाखवल्या, टाळ्या घेतल्या. परतताना गाडीत ध्यानात आलं की विसांतल्या एकाही स्लाइडवर अक्कांचं नाव नव्हतं. स्वतःचा इतका राग आला की शिक्रापूरला गाडी बाजूला घेऊन बसलो. अक्कांना जाऊन आता दोन वर्षं होतील. राहिलेली एकविसावी स्लाइड इथं लिहितोय असं समजा.

अक्का खुटबावच्या. बुटक्या, काटक, हिरवं इरकल, पायांत पुरुषी चपला. चौथीपर्यंत शाळा. खुटबावचं केंद्र त्यांनीच सुरू केलं आणि पुढं अकरा गावांचं संकलन त्यांच्याकडं आलं. सकाळचं दूध झालं की टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी बसून, भीमेवरचा पूल ओलांडून न्हावऱ्याच्या प्लँटवर यायच्या. शेवटचा कॅन धुऊन पालथा पडेपर्यंत चहाला हात लावायच्या नाहीत. त्या मला नावानं कधी हाक मारत नसत. शेवटपर्यंत मी 'केमिस्ट'च राहिलो.

त्यांची एक सवय मला आधी हटवादी वाटायची. दोन गोष्टी त्या एका दिवशी कधी बदलू द्यायच्या नाहीत. टेम्पोला नवा ड्रायव्हर आला की पंधरा दिवस रस्ता जुनाच. स्टीलचे नवे कॅन आले तेव्हा बापूंनी जुने सगळे भंगारात काढायचा हुकूम सोडला, तर अक्कांनी त्यातले वीस बाजूला ठेवले आणि आधी दोनच गावांना नवे दिले. तिसऱ्या दिवशी त्या दोन गावांचं दूध नासलं. नव्या झाकणांचं रबर नीट धुतलं जात नव्हतं, असं निघालं.

"अकरा गावांत दिलं असतं तर?" मी म्हणालो.

"तर तुमी म्हनला असता, ऊन वाढलंय. बापू म्हनले असते, ड्रायव्हर उशिरा आला. आन् मी म्हनले असते, ह्या बायांनी भांडी धुतली न्हाईत. दोन गोष्टी एकदम बदलल्या का भांडायला लई सोय होती."

प्रयोगशाळेत आम्हाला हेच शिकवायचे. एका वेळी एकच घटक बदला. फक्त तिथं भांडणाचा विषय नव्हता.

आमचं सगळं दूध तेव्हा एका मोठ्या कंपनीला जायचं. रोज त्यांचा टँकर यायचा, भरून जायचा. धंदा ऐन भरात होता. बापूंनी बंगल्याला मजला चढवला, गेटवर गणपती बसवला. आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात एका दुपारी अक्का टँकरच्या उत्तर प्रदेशी ड्रायव्हरला अडवून उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या. अक्कांचं हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली.

"तुमारा सायब पयले आता था, बैठता था, चहा पिता था. आता गाडीमेंसे उतरताबी न्हाई. कायकू?"

ड्रायव्हर चुळबुळला. "अक्का, हमको क्या मालूम. उधर नया प्लांट बन रहा है, सब साहब लोग उधर ही लगे हैं."

"किधर?"

त्यानं सांगितलेलं गाव आमच्यापासून फार लांब नव्हतं. तिथं त्यांची स्वतःची संकलनं सुरू झाली की आमची गरज संपणार, हे अक्कांनी तिथल्या तिथं ओळखलं. त्या चपला वाजवत थेट बापूंच्या केबिनमध्ये गेल्या. मीही मागोमाग गेलो, कारण मला ऐकायचं होतं.

"बापू, आपन आपलं दही लावाया घ्या. पनीर करा. ह्यांच्या टँकरवर आता बसू नका."

बापू हसले. "अक्का, अगं सगळं ब्येस चाललंय. कशाला खाजवून खरूज?"

"ब्येस चाललंय म्हनून तर म्हंते. आज एक टाकी दही बिघडलं तर आपल्याला सोसंल, फेकू आन् परत लावू. टँकर यायचा बंद झाल्यावर बिघडलं तर? तवा शिकाया येळ कोन देनार? अकरा गावच्या बाया किटल्या घेऊन दारात उभ्या ऱ्हातील, त्यास्नी काय सांगायचं?"

मोठ्या बदलाची वेळ कोणती, यावर त्या कॉलेजात मी चाळीस मिनिटं बोललो. त्यात या चार वाक्यांपेक्षा जास्त काही नव्हतं.

बापूंना पटायला दोन महिने लागले. पटलं, तोवर त्यांचा मुलगा विक्रांत शिक्षण संपवून आला होता. पोरगा हुशार, कामाला वाघ, पण घाई फार. त्यानं पुण्याहून एक सल्लागार आणला. प्लँटच्या हॉलमध्ये पडदा लागला. त्यावर बाण, गोल, पुन्हा बाण. एका झटक्यात सगळं बदलायचं, असं ठरलं. दही आणि पनीर एकाच दिवशी सुरू, संकलनाची वेळ पुढं, गावांच्या गाड्यांचे रस्ते नवे आणि त्याच दिवसापासून टँकरला दूध बंद. मोठ्या कंपनीला तसं कळवणारं पत्रसुद्धा टाइप झालं. बापूंनी ते उद्घाटनाच्या वेळी सगळ्यांसमोर सही करून पाठवायचं, म्हणजे कसं, माघार नाही.

मुहूर्त कोणता? यावर आम्ही आठ पुरुषांनी त्या हॉलमध्ये पाऊण तास खल केला. अखेर कुणीतरी म्हणालं, "वसुबारस! गायीचा दिवस, दिवाळीचा पहिला दिवस. दुधाच्या धंद्याला याच्याहून शुभ काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर बाक वाजवला. अक्कांना त्या बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं. संकलनाचा विषयच नव्हता ना, उत्पादनाचा होता.

अक्कांपर्यंत ही गोष्ट फार उशिरा पोचली. आदल्या संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. मी मांडवाच्या गडबडीत होतो.

"केमिस्ट, उद्याच करताय व्हय? उद्या वसुबारस हाय."

"म्हणूनच तर अक्का! मुहूर्त एकदम चांगला आहे," मी म्हणालो आणि ठेवला फोन.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं मला कोरा चहा दिला. दुधाचा पत्ता नाही. मी तो प्यालो, कप ठेवला, नवा शर्ट घातला आणि निघालो. पुढं कळलं की आठही जणांना आपापल्या घरी त्या सकाळी कोरा चहाच मिळाला होता आणि आठांपैकी एकानंही विचारलं नव्हतं की आज दूध का नाही.

प्लँटवर मांडव, झेंडूची तोरणं, सनई. तालुक्याचे पुढारी येऊन खुर्चीत बसलेले. नव्या स्टीलच्या टाक्या आरशासारख्या चकचकीत. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, पण दूध येईना. एका गावाहून दोन कॅन आले, तेही म्हशीचे. विक्रांत फोनवर ओरडत होता. त्याला वाटत होतं की मोठ्या कंपनीनं आमची गावं फोडली. बापूंचा चेहरा उतरला होता. शेवटी खुटबावचा टेम्पो आत आला. अक्का उतरल्या, मागचं फाळकं पाडलं. आत रिकामे कॅन एकमेकांवर आपटत होते.

"अक्का, दूध कुठंय?" विक्रांत जवळजवळ किंचाळला.

"वासरांच्या पोटात."

कुणाला काही कळेना.

"आज वसुबारस न्हाई का? आपल्या भागातल्या बाया आज गायीच्या दुधाला हात लावत न्हाईत. प्यायचं न्हाई, इकायचं न्हाई. आजचं दूध वासराचं. तुमच्या आया, तुमच्या बायका काय करतात आज, बघितलं न्हाई कवा?"

बापू म्हणाले, "पण अगं, दरवर्षी दिवाळीत टँकर भरून जातो की!"

"दरवर्षी आजच्या दिवशी टँकरला सुट्टी असती, बापू. ती मी देते. आदल्या दिवशी ड्रायव्हरला सांगते, उद्या येऊ नको, घरी फोन कर, पोरास्नी कपडे घे. तुमच्या वहीत 'ड्रायव्हर रजा' लिवलेलं असतं. तुमाला वाटायचं, त्योच मागतो."

वही आणली. खरोखर दरवर्षी त्याच तिथीला तीच नोंद होती, आणि त्याखाली माझी सही होती.

मी पुढं झालो आणि आदल्या संध्याकाळचा फोन सगळ्यांना सांगून टाकला. न सांगून जमणारच नव्हतं. अक्का म्हणाल्या, "मला वाटलं, तुमास्नी म्हाईत हाय. दुधाची काय तरी येगळी सोय केली आसंल." त्यांनी मला त्याबद्दल नंतर कधीही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

पुढाऱ्यांनी पेढा खाल्ला आणि ते उठले. मांडवात आम्ही घरचेच उरलो. बापूंच्या हातात ते पत्र होतं, सही न केलेलं. अक्कांनी विचारलं, "ह्यात काय हाय?" बापूंनी वाचून दाखवलं. अक्का खाली बसल्या. त्यांना घाबरलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

"आज ह्ये गेलं असतं तर उद्याच्याला अकरा गावचं दूध कुठं वतलं असतं? ह्या टाक्यांत? केमिस्ट, ह्या टाक्यांत दही लागतंय का, कुनी बघितलंय?"

कुणीही बघितलं नव्हतं.

त्यांनी हात पुढं केला. "ते पत्र माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. येळ आली का मी देते." बापूंनी निमूट दिलं. अक्कांनी घडी घालून पिशवीत टाकलं. मग विक्रांतकडं वळल्या. मला वाटलं, आता त्याची खैर नाही. पण त्या म्हणाल्या, "बाळा, तुझं काय चुकलं न्हाई. करायचं ते बरोबरच हाय. फकस्त तू शेवटाकडनं चालू केलं. उद्या पहाटं पाचला खुटबावला येशील?"

विक्रांत गेला. एक दिवस नाही, दीड महिना गेला. त्या पोराचं मला कौतुक वाटतं ते इथं. बाकाशी अक्कांच्या शेजारी, माझ्यासारखाच, नुसता उभा. कुठल्या घरी किती वासरं, कोण शेतावर किती वाजता जातं, संकलनाची वेळ पुढं नेली तर कुठल्या बाईची कामावर जायची एसटी चुकते, हे सगळं त्यानं तिथं ऐकलं. परत आल्यावर त्यानं स्वतःच पडद्यावरचे निम्मे बाण पुसले.

मग अक्कांच्या पद्धतीनं काम सुरू झालं. एक टाकी, एकट्या खुटबावचं दूध, फक्त दही. बाकी सगळं नेहमीसारखं टँकरला. पहिलं दही पाण्यासारखं झालं, दुसरं इतकं आंबट की विक्रांतनं तोंड वाकडं केलं. ते फेकलं आणि पुन्हा लावलं. टँकर चालू होता, म्हणून ते परवडलं. दही जरा जमू लागल्यावर अक्कांनी एक विचित्र गोष्ट केली. दह्याची पातेली टेम्पोत घालून खुटबावला नेली आणि रांगेतल्या बायांना वाटी वाटी दिलं. "तुमच्याच दुधाचं हाय. सांगा कसं हाय." बायांनी सांगितलं, आणि भरपूर सांगितलं. शेवंता म्हणाली, "माझं इरजन ह्याच्यापरीस बरं लागतं," आणि दुसऱ्या दिवशी खरंच घरचं विरजण वाटीत घेऊन आली. मी सगळं शास्त्र पणाला लावलं, पण दह्याची ती चव शेवंताच्या विरजणाशी ताडून ताडूनच जमली, हे मी आता कबूल करायला हरकत नाही.

खुटबाव बसलं, मग न्हावरं घेतलं, मग पुढची गावं. दही बसलं, मग पनीर, मग तूप. दोन दिवाळ्या गेल्या. आणि एका उन्हाळ्यात मोठ्या कंपनीचं पत्र आलं, की पुढच्या महिन्यापासून टँकर येणार नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एका चांगल्या डेअरीला असंच पत्र आलं होतं. ती सहा महिन्यांत बंद पडली. आमच्याकडं त्या दिवशी बापूंनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि अक्कांना बोलवायला सांगितलं. निम्म्याच्या वर दूध तोवर आमच्याच टाक्यांत जात होतं. उरलेलंही दोन महिन्यांत सामावलं. अकरा गावांतली एकही किटली दारातून परत गेली नाही. अक्कांनी पिशवीतून दोन वर्षांपूर्वीचं, घड्यांवर फाटलेलं आमचं पत्र काढून टेबलावर ठेवलं. "आता काय लागायचं न्हाई ह्ये," त्या म्हणाल्या. ते माझ्या खणात आहे.

इथपर्यंत सगळं स्लाइडवर घालण्यासारखं आहे. पुढचं नाही.

माल वाढला तसा प्रत्येक गावात तपासणीचं यंत्र हवं झालं. दूध घातलं की आकडे दाखवणारं. ही मागणी विक्रांतनं केली नाही, मी केली नाही. अक्कांनी केली.

"अक्का, मग तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"माझं नाक एकच हाय, केमिस्ट, आन् गावं अकरा. त्यात सर्दी झाली का दोन दिस तेबी बंद."

यंत्रांवर बसायला त्यांनी गावोगावच्या मुली निवडल्या, त्यांना स्वतः शिकवलं. आणि अकरावं यंत्र बसलं त्या दिवशी बाकावरून उठल्या, त्या पुन्हा बसल्या नाहीत. मला ते फार लागलं. मी बापूंच्या मागं लागून त्यांच्यासाठी सल्लागाराची जागा काढली, केबिन, पंखा, सगळं. अक्का हसल्या. "खुर्चीत बसून कशाचा वास घेऊ? पंख्याचा?" घरी दोन गाया होत्या. दुसऱ्या दिवसापासून किटली घेऊन त्या रांगेत उभ्या राहिल्या, शेवंताच्या मागं. त्यांनीच शिकवलेली मुलगी यंत्राचा आकडा बघून "घाला अक्का" म्हणायची आणि अक्का निमूट दूध ओतायच्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वसुबारसेलाच. आता आमच्या डेअरीच्या छापील कॅलेंडरवर त्या तारखेला लाल अक्षरांत 'संकलन बंद' असतं. विक्रांतनं ते घालून घेतलं. मी दिवाळीचा डबा घेऊन खुटबावला गेलो. अक्का गोठ्यात जुना कॅन पालथा घालून त्यावर बसल्या होत्या. अंगावर काही उरलं नव्हतं. समोर वासरू गायीला ढुशा देत पीत होतं, तोंडाला फेस.

"या केमिस्ट. आज मशीनलाबी सुट्टी."

सुनेनं कोरा चहा आणला. या वेळी तो का कोरा आहे हे मला माहीत होतं. मी सावकाश प्यालो.

मग मी पिशवीतून आमच्या दह्याचा डबा काढला. इतक्या वर्षांत अक्कांनी त्या दह्याला चांगलं म्हटलं नव्हतं. खुटबावला वाटलं तेव्हाही त्या फक्त बायांची तोंडं बघत होत्या. "आज खायाचं न्हाई मला," त्या म्हणाल्या. डबा मात्र हातात घेतला. तळव्यानं झाकण उडवलं, डोळे मिटले, मान जराशी बाजूला केली. एक श्वास घेतला. मी उभा होतो, किटली घेऊन उभ्या राहणाऱ्या बायांसारखा.

त्यांनी झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"वता," त्या म्हणाल्या.